रामा कामतींचे घर आणि कंपनीचे कोर्ट

मुंबईच्या न्यायालयाचा इतिहास सांगायचा म्हटले की सहसा १८६२ सालापासून, म्हणजे उच्च न्यायालयाच्या स्थापनेपासून सुरुवात होते आणि ओव्हल मैदानाकाठच्या दगडी इमारतीपाशी गोष्ट येऊन थांबते. पण त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे या बेटावर न्यायदान चालू होते आणि त्यातला बहुतेक काळ ते दुसऱ्यांच्या घरांत चालले. कधी गव्हर्नर जिथे राहून गेला त्या घरात, कधी आरमाराच्या अधिकाऱ्याच्या निवासात. आणि अठराव्या शतकात बराच काळ एका मराठी मुलखातल्या व्यापाऱ्याच्या घरात. त्या व्यापाऱ्याचे नाव रामा कामती. ज्या घरातून त्याने आपला व्यवहार केला, त्याच घरात पुढे कंपनीचे कोर्ट भरू लागले. घर कंपनीच्या हाती कसे आले, ही या लेखाची मुख्य गोष्ट.

ती समजायची तर आधी थोडे मागे जायला हवे. पोर्तुगीजांकडून आंदणात मिळालेली मुंबई इंग्लंडच्या राजाने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. बेट दलदलीचे, रोगट. पण बंदर उत्तम. गव्हर्नर जेराल्ड आँजिये याने ओळखले की नुसत्या बंदराने शहर वसत नाही. सुरतेचे सावकार, बनिये, पारशी, कोकणातले शेणवी, आर्मेनियन, मुसलमान व्यापारी इथे येऊन राहायचे असतील तर आपला पैसा आणि आपला धर्म इथे सुरक्षित आहे, याची त्यांना खात्री वाटली पाहिजे. कर्ज बुडाले तर दाद कुठे मागायची, हा व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. न्यायालय ही आँजियेच्या दृष्टीने व्यापाराचीच गरज होती.

८ ऑगस्ट १६७२ रोजी त्याने मुंबईत पहिले इंग्रजी न्यायालय उघडले, तेही मोठ्या थाटात. किल्ल्यातून बाजाराकडे मिरवणूक निघाली. पुढे हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेत, मागे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती रहिवाशांचे वीस-वीस प्रतिनिधी, कर्णे, नगारे, राजाची सनद घेऊन घोड्यावर बसलेले चिटणीस, झगा घातलेला न्यायाधीश जॉर्ज विल्कॉक्स आणि पालखीत स्वतः गव्हर्नर. न्यायासनापुढे केलेल्या भाषणात आँजियेने विल्कॉक्सला बजावले की या बेटावर अनेक जातींचे, अनेक धर्मांचे लोक राहतात. त्या सगळ्यांकडे एकाच नजरेने पाहावे. हे शब्द त्याने मनापासून उच्चारले असावेत, असे त्याची एकंदर कारकीर्द पाहता वाटते. मात्र न्यायाधीश कंपनीचा नोकर होता. त्याला नेमणारी आणि काढणारी कंपनीच. हा दोष त्या दिवशीच्या मिरवणुकीत कुणाला दिसला नसेल. पुढे तो ठळक झाला.

ते न्यायालय फार टिकले नाही. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने मुंबईवर स्वारी केली, बेटाचा बराच भाग महिनोन्‌महिने त्याच्या ताब्यात राहिला, त्यानंतर रोगराई आली. या धामधुमीत न्यायालय जे बंद पडले ते १७१८ सालापर्यंत. सुमारे २८ वर्षे मुंबईत नियमित न्यायालय नव्हते.

ते पुन्हा सुरू केले गव्हर्नर चार्ल्स बून याने. १७१५ च्या अखेरीस आलेला बून कर्तबगार होता, यात शंका नाही. त्याने शहराभोवती तटबंदी उभारायला घेतली, लढाऊ जहाजे वाढवली. आज मुंबईकर रोज ज्या चर्चगेटचे नाव घेतो तो दरवाजा त्याच तटातला. कंपनीचा धर्मोपदेशक रिचर्ड कॉब याने आँजियेच्या काळापासून अर्धवट पडून असलेल्या चर्चचे काम हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी सेंट थॉमस चर्च उघडले गेले.

या समारंभाच्या वर्णनात रामा कामती आपल्याला स्पष्ट दिसतात. कॉबने नोंदवले आहे की रामाजी आपल्या सगळ्या जातबांधवांना घेऊन आले होते, आणि ही उपासनेची रीत, तिची शिस्त त्यांना इतकी आवडली की प्रार्थना संपेपर्यंत ते बाहेर उभे राहिले. परक्या धर्माच्या देवळाबाहेर आदराने थांबलेला हा माणूस स्वतःच्या धर्मातही तितकाच निष्ठावान होता. मलबार टेकडीवरचे वाळकेश्वराचे देऊळ पोर्तुगीज अमदानीत उद्ध्वस्त झाले होते. ते १७१५ च्या सुमारास पुन्हा उभे राहिले ते रामा कामतींच्या पैशातून. आज बाणगंगेच्या पायऱ्या उतरणाऱ्या भाविकांना बहुधा हे नाव माहीत नसते. पण बेटावरच्या हिंदू वस्तीला आपले म्हणावे असे एक मोठे देवस्थान परत मिळवून देणारा माणूस, ही त्यांची पहिली ओळख आहे.

दुसरी ओळख कंपनीच्या दफ्तरातली. रामा कामती शेणवी, म्हणजे गौड सारस्वत. व्यापारात गडगंज झालेले आणि कंपनीच्या अनेक गव्हर्नरांशी व्यवहार केलेले. नुसता माल पुरवण्यापुरता हा संबंध नव्हता. कंपनीला शिपाई हवे असले की ते उभे करण्यात त्यांचा हात असे. कंपनीच्या लोकांनी त्यांना जुना, भरवशाचा सेवक म्हणून गौरवले होते. कोटातले त्यांचे घर त्यांच्या मातब्बरीला साजेल असे मोठे होते. त्या काळी सावकाराचे घर म्हणजे नुसती राहती जागा नव्हे. पेढी, हिशेबाच्या वह्या, कारकून, आल्यागेल्या दलालांची बैठक, सगळे एकाच छपराखाली. रामा कामतींच्या दारातही अशीच वर्दळ असणार.

आता समुद्राकडे वळू, कारण त्यांचा घात तिकडून झाला.

मुंबईच्या दक्षिणेला, अगदी दृष्टीच्या टप्प्यात, कान्होजी आंग्र्यांची सत्ता होती. कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे त्यांचे जलदुर्ग. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले होते आणि मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून कोकण किनाऱ्यावर त्यांचा अंमल चालत होता. या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना, म्हणजे दस्तक, घेतले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पोर्तुगीजही असेच दस्तक देत आणि इंग्रजही. कान्होजींचे मात्र इंग्रजांना मान्य नव्हते. त्यांच्या कागदांत कान्होजी चाचे ठरले. मराठी बाजूने पाहता एक सार्वभौम सत्ता आपल्या किनाऱ्यावर जकात वसूल करत होती, आणि हीच बाजू मला योग्य वाटते.

कान्होजींना मोडून काढायचेच, असा बूनने निश्चय केला. पैसा ओतला, गलबते बांधली, एकामागून एक मोहिमा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर चाल केली. हे तेच बेट, जिथे १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किल्ला बांधला होता. ही मोहीमही हात हलवत परतली. १७२० मध्ये विजयदुर्गावर पुन्हा स्वारी झाली आणि पुन्हा अपयश आले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन, इंग्लंडहून आलेल्या शाही आरमाराच्या मदतीने कुलाब्यावर चढाई केली, तिचाही बोजवारा उडाला.

खांदेरीपर्यंतच इतका खर्च, इतकी तयारी झाली होती, आणि पदरी काहीच नव्हते. लंडनच्या संचालकांना काय उत्तर द्यायचे? आपले सेनानी कच्चे होते, किल्ल्यांची ताकद आपण ओळखली नाही, कान्होजी आपल्यापेक्षा सरस ठरले, हे कबूल करणे जड होते. आपल्यात कोणीतरी फितूर आहे, हे स्पष्टीकरण त्या मानाने सोपे. आणि फितूर शोधायचा तर तो कान्होजींचीच भाषा बोलणारा, दोन्ही किनाऱ्यांवर ओळखीपाळखी असलेला, आणि शिवाय श्रीमंत असला तर सोयीचे. बूनने जाणूनबुजून कट रचला की भोवतालच्यांनी त्याच्या संशयाला खतपाणी घातले, हे ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही. पण संशयाला जमीन कोणी तयार केली, हे खांदेरीपर्यंतच्या या पराभवांतून उघड दिसते.

१७२० मध्ये रामा कामतींना अटक झाली. आरोप राजद्रोहाचा होता: खांदेरीच्या मोहिमेची खबर त्यांनी पत्र लिहून कान्होजींना आधीच कळवली. पुरावा म्हणजे ते पत्र आणि साक्षीदारांच्या जबान्या. त्यांचा कारकून गोविंदजी याला पकडले. तो काही कबूल करेना, तेव्हा त्याच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून आवळले. वेदना असह्य झाल्यावर त्याने हवे ते सांगितले. ही गोष्ट कंपनीच्या शत्रूंनी पसरवलेली नाही. ती इंग्रजांच्याच कागदांतून आली आहे आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारांनीच ती खेदाने सांगितली आहे.

खटला चालला तो कंपनीच्या न्यायालयापुढे. मोहीम कंपनीची, नुकसान कंपनीचे, फिर्याद कंपनीची आणि न्यायासनावर बसणारी माणसे कंपनीने नेमलेली. आरोपीच्या बाजूला होती ती आजवरची सेवा आणि बेटावरचा लौकिक. निकालात जन्मठेप सुनावली गेली आणि सगळी मालमत्ता जप्त झाली. ज्या पत्रांवर शिक्षा उभी होती ती बनावट होती, असे पुढे जुनी कागदपत्रे तपासणाऱ्यांनी म्हटले. आज मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुतेक सगळे रामा कामतींना निर्दोष मानतात. मलाही तसेच वाटते. कान्होजींशी पत्रव्यवहार असणे आणि त्यांना लढाईची खबर देणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर चाप लावून मिळवलेल्या एका कबुलीने भरून निघत नाही.

या निकालाने एका माणसाचे आयुष्य तर संपवलेच, पण आँजियेने १६७२ मध्ये व्यापाऱ्यांना दिलेला शब्दही मोडला. इथे तुमचा पैसा आणि जीव सुरक्षित आहे, असे सांगून ज्यांना बोलावले, त्यांच्यातल्याच सर्वांत मातब्बर माणसाची ही गत झाली. बेटावरच्या इतर सावकारांनी त्या रात्री काय बोलणे केले असेल, याची कल्पना करता येते.

रामा कामतींचे मोठे घर कंपनीच्या हाती आले. न्यायालयाला जागा हवीच होती. कंपनीने तिथे कोर्ट भरवले, आणि अठराव्या शतकात बराच काळ मुंबईचे न्यायदान त्या वास्तूत चालले. जिथे व्यापारी आपल्या हुंड्या आणि हिशेब घेऊन येत, तिथे आता वादी-प्रतिवादी येऊ लागले. कंपनीच्या कारभाऱ्यांना यात काही वावगे वाटले नसावे. जप्त केलेले घर, प्रशस्त आणि कोटाच्या आत. सत्ता बदलली की वाड्यांचे असे होतेच. पेशवाई गेल्यावर पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरली आणि पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. नाशिकला गोदावरीजवळच्या पेशव्यांच्या सरकारवाड्याचेही तेच झाले. त्या नावाचे पोलीस ठाणे नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. पण हे वाडे हरलेल्या राज्यकर्त्यांचे होते. रामा कामती कोणाशी लढले नव्हते. ते कंपनीच्याच बाजूचे होते.

न्यायाधीश कंपनीच्या मुठीत असण्याचा दोष लंडनलाही हळूहळू जाणवला, जरी रामा कामतींमुळे नसला तरी. तिन्ही इलाख्यांतून तक्रारी होत्या. १७२६ च्या राजसनदेने मेयर आणि नऊ ऑल्डरमन यांचे मेयर कोर्ट स्थापन केले. ते १७२८ मध्ये मुंबईत सुरू झाले. आता अधिकार राजाच्या सनदेतून येऊ लागला, निदान कागदावर. प्रत्यक्षात बसणारे बहुतेक कंपनीचे नोकर किंवा कंपनीच्या मेहरबानीवर जगणारे व्यापारीच, आणि कायद्याचे शिक्षण त्यांच्यापैकी कोणालाच नसे. गव्हर्नरशी त्यांचे खटके उडत. असे सत्तर वर्षे चालले. १७९८ मध्ये मेयर कोर्टाच्या जागी रेकॉर्डर्स कोर्ट आले आणि इंग्लंडहून आलेला, वकिली केलेला न्यायाधीश प्रथमच मुंबईत बसला.

या नव्या न्यायालयाला मिळालेली जागाही उसनीच. अपोलो स्ट्रीटवरचे ॲडमिरल्टी हाउस ही ती इमारत. गव्हर्नर हॉर्नबीचे नाव तिच्याशी जोडलेले आहे आणि पुढे आरमारप्रमुखाचे निवासस्थान म्हणून तिला हे नाव मिळाले. १८०० च्या सुमारास न्यायालय तिथे आले आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे तिथेच राहिले. १८२४ मध्ये रेकॉर्डर्स कोर्टाचे सुप्रीम कोर्ट झाले, तेही याच छपराखाली.

इथे न्यायाधीश आणि सरकार यांच्यात जो संघर्ष पेटला तो रामा कामतींच्या खटल्याच्या अगदी उलट दिशेचा होता, म्हणून तो सांगायलाच हवा. १८२८ मध्ये पुण्याच्या मोरो रघुनाथ या सुमारे चौदा वर्षांच्या मुलाचा ताबा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाकडे होता. हे घराणे पेशव्यांच्या नात्यातले. मुलाला अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार घेऊन त्याच्या सासरची मंडळी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आली. कोर्टाने मुलाला हजर करण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कमने तो पाळू दिला नाही. नुकत्याच जिंकलेल्या दख्खनमध्ये सरदारांची मर्जी राखायची आहे, बेटाबाहेरच्या प्रजेवर या कोर्टाचा अधिकार चालत नाही, हे त्याचे म्हणणे. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले, सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. सरकार हुकूम पाळत नसेल तर न्यायालय चालवण्यात अर्थ नाही, असे म्हणून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी कोर्टच बंद केले.

लंडनहून, कंपनीवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला लिहिले की दोन नवे न्यायाधीश धाडतो. रानटी हत्तीला दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये घालून नेतात तसे ग्रँटचे होईल. प्रिव्ही कौन्सिलनेही सरकारच्या बाजूने कौल दिला. पुणे, नाशिक, खानदेशच्या रयतेला सरकारच्या हुकुमाविरुद्ध या न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, हे त्यातून पक्के झाले. ग्रँट हरले. तरी शंभर वर्षांपूर्वी गव्हर्नरच्या मनासारखा निकाल देणारे न्यायालय आता गव्हर्नरला अडवू पाहत होते, हा फरक लहान नाही.

त्याच इमारतीत १८६२ च्या जानेवारीत महाराज लायबल खटला उभा राहिला. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिले होते, आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता. आपल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य म्हणून निर्भीडपणे साक्ष दिली. २२ एप्रिलला करसनदास जिंकले. व्यापारी जमातीतल्या एका सामान्य माणसाच्या बाजूने, त्याच्याच समाजाच्या सर्वांत धनिक गटाविरुद्ध हा निकाल लागला. चारच महिन्यांनी, १४ ऑगस्ट १८६२ रोजी, सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र होऊन मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. कंपनीचे राज्य चार वर्षांपूर्वीच संपले होते. आता नाशिक, पुणे, रत्नागिरीची अपिले आणि मुंबई शहराचे दावे एकाच न्यायालयाकडे येऊ लागले, आणि जुने घर अपुरे पडू लागले.

तट पाडून मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर एप्रिल १८७१ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले. आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, मधला मनोरा १७८ फूट उंच. अंदाजपत्रक १६,४७,१९६ रुपयांचे होते आणि काम १६,४४,५२८ रुपयांत पुरे झाले. सरकारी बांधकामाच्या इतिहासात अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी लागल्याची नोंद दुर्मीळच म्हणायची. नोव्हेंबर १८७८ मध्ये इमारत पूर्ण झाली आणि १० जानेवारी १८७९ रोजी तिथे पहिले कामकाज झाले. आँजियेच्या मिरवणुकीला तेव्हा दोनशे सहा वर्षे उलटली होती.

न्यायालयाने सोडलेल्या ॲडमिरल्टी हाउसमध्ये पुढे ग्रेट वेस्टर्न हॉटेल आले. लायन गेटसमोर ती इमारत अजून उभी आहे, शहीद भगतसिंग मार्गावर, दुकाने आणि कचेऱ्यांनी भरलेली. न्यायदानासाठी दुसऱ्या कामाची वास्तू वापरण्याचा प्रघातही तुटला नाही. १८७४ मध्ये पूर्ण झालेले जुने सचिवालय आज मुंबईच्या दिवाणी आणि सत्र न्यायालयाचे घर आहे. जवळचे वॉटसन हॉटेल बंद पडल्यावर त्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षे वकिलांची चेंबर्स होती. 

रामा कामतींचे घर काळाच्या ओघात नाहीसे झाले. १७२० चा तो निकाल कोणत्याही वरिष्ठ न्यायालयात फिरवला गेला नाही. तसे न्यायालय तेव्हा बेटावर नव्हतेच, आणि जेव्हा झाले तेव्हा दाद मागायला कोणी उरले नव्हते. उच्च न्यायालयाच्या इतिहासात आँजिये, विल्कॉक्स, वेस्ट, ग्रँट यांची नावे येतात. त्यांच्या जोडीने हे नावही यायला हवे, आरोपी म्हणून नव्हे, तर ज्याच्या घरात मुंबईचे न्यायालय पिढ्यान्‌पिढ्या बसले तो मालक म्हणून.